व्हिडिओ गेमचं मासिक, मुक्काम आंधळगाव

मराठीतलं व्हिडिओ गेमचं पहिलं मासिक आंधळगावातून निघालं असं मी म्हणते, तेव्हा लोक हसतात. त्यांना पुणे-मुंबई चालेल, नागपूरसुद्धा चालेल. भंडारा जिल्ह्यातलं, धानाच्या बांध्यांमधलं, म्हणजे भातखाचरांमधलं आंधळगाव चालत नाही. मागे एका तरुण माणसाने मला फार नम्रपणे समजावून सांगितलं की अशा पत्रिका ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंड-अमेरिकेत निघाल्या, आपल्याकडे त्या आल्या पुष्कळ नंतर. मी म्हटलं, बाबा रे, आमच्याआधीचा एखादा मराठी अंक तुझ्याकडे असेल तर आणून दाखव, मी माझा दावा मागे घेते. अजून त्याने आणलेला नाही.

मी एकोडीकडची. आमचं घर मासे मारणाऱ्यांचं. बाप तलावात जाळं टाकायचा, आई शिंगाडे उकडून बाजारात विकायची. मी बी.एस्सी. झाले आणि मोहाडी तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित-विज्ञान शिकवायला लागले. शाळेचं गाव लहान होतं. तिथे एकट्या बाईला खोली मिळेना, म्हणून मी आंधळगावात राहायची आणि सायकलने शाळेत जायची. नोकरी कच्ची होती. दरवर्षी उन्हाळ्यात संस्थेच्या मनात आलं तर पुढचं वर्ष, नाहीतर घरी.

माझ्या दुसऱ्या वर्षी एका सरकारी योजनेतून शाळेला दोन कॉम्प्युटर मिळाले. इंग्लंडचं मशीन, त्यासोबत लहान टीव्हीसारखा पडदा आणि प्रोग्राम साठवायला कॅसेटचा टेप रेकॉर्डर. खोकी आली तेव्हा शाळेत नारळ फुटला. मग प्रश्न आला की नागपूरला ट्रेनिंगला जायचं कोणी. धानाच्या रोवणीचे दिवस होते, मास्तर लोकांना आपापल्या बांध्या होत्या. एक जण म्हणाले, "कायले ते लचांड?" सगळ्यांत नवी आणि बिनजमिनीची मीच होते, म्हणून माझं नाव लागलं.

ट्रेनिंग देणारी बाई इंजिनिअरिंग कॉलेजातली, माझ्याहून थोडीच मोठी. तिचा भाऊ इंग्लंडला होता आणि तिथून तिच्यासाठी पत्रिकांचे जुने अंक आणायचा. दुपारच्या सुट्टीत तिने मला त्यातला एक दाखवला. निव्वळ व्हिडिओ गेमची पत्रिका. मी तोवर गेमही पाहिलेला नव्हता. आधी पत्रिका पाहिली, गेम नंतर.

त्या अंकात काय नव्हतं? कव्हरवर जळतं विमान आणि दात विचकणारा राक्षस. आत कुठला गेम चांगला, कुठला टाकाऊ, हे सरळ सरळ लिहिलेलं. बनवणाऱ्याची भीडभाड नाही. भुयारांचे आणि किल्ल्यांचे हाताने काढलेले नकाशे. वाचकांची पत्रं होती, आणि पत्रं लिहिणारी बहुतेक शाळकरी मुलं. तुम्ही मागच्या अंकात चुकीचं छापलंत, असं एखादं पोरगं संपादकाला ठणकावून सांगतं आणि संपादक ते छापतो, याचं मला फार नवल वाटलं. आमच्याकडे पोरांनी मास्तरांना शंका विचारली तरी उद्धटपणा ठरायचा.

पण खरी मौज मधल्या पानांवर होती. तिथे अख्खा गेम छापलेला असायचा. म्हणजे मशीनला द्यायचे हुकूम, ओळीखाली ओळ, प्रत्येक ओळीला क्रमांक. ते वाचून स्वतः टाइप करायचं, की गेम आपल्या मशीनवर हजर. दुकानातून आणायला नको, कुणाला मागायला नको. निघताना त्या बाईने दोन अंक मला देऊन टाकले. बसमध्ये मी ते मांडीवर उघडूनच बसले. शेजारच्या म्हातारबुवांनी राक्षसाकडे पाहिलं आणि जागा बदलली.

परत येऊन पाहते तर मशीनच्या खोलीला कुलूप. किल्ली हेडमास्तरांच्या खिशात. ते वाईट गृहस्थ नव्हते. मशीन बिघडलं तर जाब आपल्याला द्यावा लागेल या भीतीने त्यांना झोप येत नसे, असं ते स्वतःच सांगायचे. त्यांनी ठरवलं की आठवड्यातून एक तास दहावीतल्या हुशार मुलांना मशीन दाखवायचं, शिवायचं नाही. मुलींना त्या तासाला शिवणकाम. मी विचारलं, मुलींना का नाही? ते म्हणाले की त्यांना पुढे काय उपयोग. मी म्हटलं की मुलांना तरी काय उपयोग, तेही नांगरच धरणार आहेत. ते त्यांना आवडलं नाही. पण मशीन चालू ठेवलं नाही तर खराब होतं, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, हे मी त्यांना पटवलं. त्यामुळे मधल्या सुट्टीत किल्ली मला मिळायला लागली.

मी पत्रिकेतला एक गेम टाइप करायला घेतला. पाणबुडीने जहाजं बुडवायची, असा. वीज जायची तेव्हा केलेलं सगळं पुसलं जायचं, म्हणून थोडं थोडं करून कॅसेटवर चढवत गेले. पूर्ण झाल्यावर चालवला तर मशीन म्हणालं, चूक आहे. छापलेल्या ओळी मी अक्षर अक्षर ताडून पाहिल्या. माझी चूक सापडेना. मग डोक्यात प्रकाश पडला की चूक छापणाऱ्यांची आहे. दुरुस्ती त्यांनी पुढच्या अंकात दिली असणार आणि पुढचा अंक माझ्याकडे नाही. आता लंडनला विचारायला कोण जाणार? मग मीच प्रत्येक ओळ काय काम करते ते समजून घेत बसले. एका ठिकाणी जहाज पडद्याच्या कडेला गेल्यावर परत कसं यायचं ते मशीनला सांगितलेलंच नव्हतं. मी ती ओळ घातली आणि जहाज परत आलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे मशीन माझं आहे. सरकारचं नाही, हेडमास्तरांचं नाही, विलायतेचंही नाही.

मग मी पाणबुडीला हात घातला. आमच्या पोरींनी समुद्रच पाहिलेला नाही, पाणबुडी काय पाहणार? मी तिचा डोंगा केला, एका झाडाच्या खोडातून कोरतात तो, आमच्या बापाचा होता तसा. जहाजांचे मासे केले. वरून बगळा येतो आणि तुमच्या आधी मासा उचलून नेतो, एवढं मी पदरचं घातलं. नववीतल्या काही मुलींना मधल्या सुट्टीत बोलावलं. डबे तसेच टाकून त्या आल्या. बगळ्याचा त्यांना इतका राग आला की खिडकीबाहेर आवाज गेला.

आवाज ऐकून हेडमास्तर आले. पडद्यावर डोंगा, समोर मुली, एकीचं बोट कळफलकावर. त्यांनी आधी वीज बंद केली.

"मॅडम, शासनानं हे मशीन खेळाले दिलं का?"

मी म्हटलं, "शिकायला दिलं सर. त्या शिकूनच राहिल्या."

त्यांनी किल्ली मागितली. मी दिली. दुसऱ्या दिवशी खोलीला दुसरं, मोठं कुलूप होतं आणि मुलांचा तासही बंद झाला. मशीनवर कापडाचं आवरण घालून, दार लावून घेतलं गेलं. कुणीच वापरणार नाही म्हटल्यावर कुणाकडून बिघडणारही नाही, असा हिशेब.

त्या रविवारी खोलीत बसून मी ते विलायती अंक पुन्हा वाचले. आणि एक गोष्ट लक्षात आली. त्या अंकांत ज्या गेमबद्दल लिहिलं होतं ते सगळे गेम तिथल्या तरी किती पोरांकडे असणार? एखाद्याकडे दुसऱ्याच कंपनीचं मशीन असेल, कुणाकडे मशीनच नसेल. ती पोरं वाचूनच खेळत असणार. मी स्वतः तसंच केलं होतं, पहिला गेम पाहायच्या आधी. मशीनला कुलूप लावता येतं. कागदाला कसं लावणार? मी ठरवलं, आपण पत्रिका काढायची. मराठीत. मुलींसाठी.

अंक लिहायला मला वेळ लागला नाही. मशीन विचार कसा करतं ते पहिल्या पानावर. दुसऱ्या पानावर विलायतेत कसले गेम निघालेत आणि त्यातला कुठला मला रद्दड वाटतो, ते. मधल्या पानावर चौकोन आखलेला तलाव आणि शेजारी हुकूम, क्रमांक घालून, पण मराठीत. डोंग्याच्या समोर मासा आहे का? असेल तर सातव्या ओळीवर जा. नसेल तर दुसऱ्या ओळीवर परत. एका मुलीने मशीन व्हायचं आणि ओळी वाचायच्या, दुसरीने खेळायचं. बगळा कुठे उतरेल ते चिंचोके फेकून ठरवायचं. नियम असा की मशीन झालेल्या मुलीने स्वतःचं डोकं वापरायचं नाही, ओळीत लिहिलंय तेवढंच करायचं. शेवटच्या पानावर वाचकांच्या पत्रांसाठी जागा रिकामी ठेवली.

छापायचं कुठे, हा प्रश्न होता. शाळेत प्रश्नपत्रिका काढायचं सायक्लोस्टाइल मशीन होतं, पण त्यावर हात ठेवू देणार कोण? माझ्या शेजारी विड्या वळणाऱ्या बायका राहायच्या. त्यांनी सांगितलं की भंडाऱ्याला त्यांच्या युनियनच्या कचेरीत तसलं मशीन आहे, मोर्चाची पत्रकं त्यावरच निघतात. मी गेले. कचेरी सांभाळणारी बाई वयस्क होती, जन्मभर विड्या वळलेली, पुढे युनियनची पुढारीण झालेली. तिने माझा कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. तिला वाचता येत होतं, पण बगळा आणि डोंगा आणि ओळ सात, याचा मेळ लागेना.

"याच्यानं पोरींले काय भेटते?" तिने विचारलं.

मी खरं तेच सांगितलं. काही भेटत नाही. मजा येते, आणि मशीनला हुकूम कसा द्यायचा ते कळतं.

तिने कागद पुन्हा एकदा उलटून पाहिला. मग म्हणाली, "आमच्या बायांले जनमभर हुकूम ऐकाचीच सवय हाय. कोनाले द्याचा कसा, थे बी शिकू दे." तिने एकच अट घातली, की निदान एक पान असं हवं जे मोठ्याने वाचलं तर निरक्षर बाईलाही समजेल. मी म्हटलं, मधलं पान तसंच आहे.

स्टेन्सिलवर मी लोखंडी लेखणीने अक्षरं कोरली. बगळ्याची चोच काढताना स्टेन्सिल फाटली, म्हणून पहिल्या अंकातल्या बगळ्याच्या तोंडावर शाईचा मोठा डाग आहे. शाई हातभर लागली. मासिक म्हणायचं, पण ते निघेल तेव्हा निघायचं. वर ठळक लिहिलं होतं: व्हिडिओ गेमचं मराठी मासिक, मुक्काम आंधळगाव.

मुलींनी अंक वह्यांत घालून घरी नेले. आणि मग मला अपेक्षित नव्हतं ते झालं. एका दुपारी, शाळेला सुट्टी असताना, मी शेजारच्या अंगणात डोकावले. बायका मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. माझ्याच शाळेत नववीला येणारी एक मुलगी, त्यांच्यातल्याच एकीची लेक, मशीन झाली होती. मधलं पान तिच्या हातात. बायकांचे हात पानात आणि तंबाखूत अडकलेले, त्यामुळे त्या तोंडानेच खेळत होत्या.

"डोंगा डावीकडे घे," एक म्हणाली.

मुलीने ओळ वाचून सांगितलं, "डावीकडे काठ हाय. डोंगा हालत नाही."

"काहून हालत नाही?"

"ओळीत तसंच लिवलं हाय."

"तं ओळ बदलव ना," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या.

मी तिथेच बसले आणि आम्ही ती ओळ बदलली. काठाला लागल्यावर डोंगा बांधीत शिरतो आणि तिथून चालत तलावाच्या पलीकडे निघतो, असं त्यांनी ठरवलं. मासे मारणाऱ्या घरची म्हणून मी हरकत घेतली की डोंगा चालत नाही. त्यांनी माझी हरकत ऐकून घेतली आणि फेटाळली. दुसऱ्या अंकात तो बदल मी छापला, सुचवणाऱ्या विडीवाल्या बायका आहेत असं लिहून.

तेच नडलं. शाळेच्या कमिटीत एक राईस मिलवाले होते. त्यांच्या हाती दुसरा अंक पडला. आपल्या शाळेतली बाई युनियनच्या मशीनवर काहीतरी छापते आणि पोरींच्या हाती वाटते, एवढंच त्यांना पुरे होतं. मला कमिटीपुढे बोलावलं. हेडमास्तर कोपऱ्याच्या खुर्चीत जमिनीकडे पाहत बसले होते. मिलवाल्यांनी अंक टेबलावर टाकला आणि विचारलं की हे कसलं राजकारण आहे. मी सांगितलं की हा बगळा आहे. त्यांना वाटलं मी थट्टा करते. मी थट्टा करत नव्हते. ते म्हणाले, चूक झाली असं लिहून द्या आणि हे बंद करा, म्हणजे पुढच्या वर्षाचं पाहू.

मी म्हणाले, "चूक काय झाली ते आधी सांगा. छपाईची असेल तर पुढच्या अंकात दुरुस्ती देते."

मिलवाले उठून गेले. हेडमास्तरांनी मला बाहेर गाठून हळू आवाजात समजावलं. एक कागद लिहून द्यायचा, त्यात काय जातं, नोकरी तर राहील. ते मनापासून सांगत होते हे मला कळत होतं. मी म्हटलं, सर, तो कागद मी लिहिला तर त्या पोरी तोच वाचतील.

मिलवाले तिथेच थांबले नाहीत. एकोडीच्या बाजारात त्यांनी माझ्या बापाला गाठलं. मुलीला आवर घाला, चांगल्या घरी द्यायची आहे ना, असं काहीबाही बोलले. बापाने मासे तोलता तोलताच ऐकलं. नंतर आईने मला सांगितलं की तो एवढंच म्हणाला, "मी तं मच्छी मारतो साहेब. तिच्या कामातलं मले समजत नाही. तुमाले तरी समजते का?" मिलवाल्यांनी मासे न घेताच बाजार सोडला. बाप माझ्याशी याविषयी कधी बोलला नाही. फक्त पुढच्या वेळी घरी गेले तेव्हा त्याने विचारलं की डोंगा बांधीतून चालवला तो कोणत्या अकलेने.

उन्हाळ्यात मला घरी बसवलं. पत्र वगैरे आलं नाही, पुढच्या वर्षी नाव लागलं नाही, एवढंच. मी आंधळगावातली खोली सोडली नाही. वरठीला स्टेशनजवळ गणिताच्या शिकवण्या धरल्या आणि तिसरा अंक काढला. तो अंक दुसऱ्यापेक्षा जाड होता आणि शेजारच्या त्या मुलीच्या वहीतून शाळेत पोचला.

शाळेत पुढे झालं ते मला मुलींकडून कळलं. आता दहावीत गेलेल्या त्या मुली शिवणकामाच्या तासाला शिवणाच्या खोलीत गेल्याच नाहीत. मशीनच्या बंद खोलीसमोरच्या व्हरांड्यात जाऊन बसल्या, तिसरा अंक मध्ये ठेवला आणि मोठ्याने खेळायला लागल्या. शिवणाच्या बाई ओरडल्या. हेडमास्तर आले, जा म्हणाले. मुली उठल्या, त्यांची पाठ वळल्यावर पुन्हा बसल्या. पुढच्या तासाला पुन्हा तेच. एकीला घरी मार बसला, तरी दुसऱ्या दिवशी ती आली. गडबड करत नव्हत्या, शिव्या देत नव्हत्या, नुसत्या दारासमोर बसून डोंगा चालवत होत्या. हेडमास्तरांना आपल्या खोलीत बसून सगळं ऐकू यायचं. तिसऱ्या अंकातला खेळ लांब होता. त्यात खेळणारं माणूस कुठे अडकतं ते त्यांनाही पाठ झालं असणार, कारण एकदा मशीन झालेली मुलगी ओळ चुकली तर त्यांनी आतूनच सांगितलं की ओळ चुकली.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी स्वतः येऊन कुलूप काढलं. जिल्ह्याचे साहेब तपासणीला येणार होते म्हणून काढलं, असं कुणी म्हणालं. असेलही. एका मशीनच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या, ते सुरूच झालं नाही. दुसरं झालं. माझी कॅसेट कपाटात होती, पण मुलींना तिच्यावरचा गेम मशीनमध्ये घेता येईना. त्यांनी अंकातल्या मराठी ओळी पाहून, ट्रेनिंगच्या पुस्तकातला एकेक इंग्रजी हुकूम शोधून, गेम नव्याने टाइप केला. मी तिथे नव्हते, मला कुणी बोलावलंही नाही. त्यांना माझी गरज पडली नाही, हे ऐकून मी वरठीच्या शिकवणीला जाताना सायकल जरा जोरातच मारली. चौथ्या अंकाच्या पहिल्या पानावर मी हे सगळं छापलं, कुणाचं नाव न घालता. शेवटच्या पानावर त्या मुलींची पत्रं होती. एकीने मला सरळ लिहिलं होतं की तिसऱ्या अंकातला खेळ कंटाळवाणा आहे, फार वेळ नुसतं पाणीच पाणी. तेही मी छापलं.

मग मी नोकरी शोधायला लागले. मुलाखतीत सगळीकडे विचारायचे, आधीची शाळा का सोडली. पिशवीतून चारही अंक काढून मी टेबलावर ठेवायची. ओळखीचे लोक म्हणायचे, निदान ते तरी दाखवू नको. एका शाळेने अंक पाहून मला चहासुद्धा दिला नाही. दुसऱ्या शाळेतल्या साहेबांनी अंक हातात घेतले, चाळले आणि माझी पाठ फिरल्यावर खिडकीबाहेर फेकून दिले, ते मी जाताना अंगणातून उचलून आणले. साकोलीकडच्या एका शाळेत मुलाखत घेणाऱ्या बाईंनी मधलं पान उघडलं आणि विचारलं की डोंगा बांधीतून कसा काय चालतो. मी म्हटलं, आमच्या वाचकांनी तसं ठरवलं. त्या म्हणाल्या, बरं.

त्या शाळेत मला नोकरी लागली. तिथे कॉम्प्युटर नव्हता. पहिल्या दिवशी हजेरीवर सही केल्यावर मी शिपायाला विचारलं की सायक्लोस्टाइल मशीन कोणत्या खोलीत असतं.